ज्ञानूला दिलेला घास

खालची करंजवाडी, ता. शाहूवाडी
४ ऑगस्ट २०२४

चि. संयोगितास,
आक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद आणि सलाम. वि. वि.

तुझे दोन मिस्ड कॉल बघितले. घरात रेंज येत नाही, आंब्याखाली जाऊन उभं राहावं लागतं, आणि भर पावसात तिथं उभं राहून तुझ्याशी वाद घालायचं माझं वय राहिलं नाही. शिवाय फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि ऐकत कुणीच नाही. म्हणून लिहिते. तूही लिहूनच उत्तर दे. निवृत्त मुख्याध्यापिकेचं अक्षर तरी बघायला मिळेल.

आमचा ज्ञानू गेला. तुला आठवत असेल, दवाखान्याचा जुना वॉचमन, तुझे दाजी होते तेव्हा आमच्याकडं फणस घेऊन यायचा तो. मी चौतीस वर्षं तिथं नर्स होते, आणि ती सगळी वर्षं तो गेटवर होता. वय अठ्ठ्याहत्तर. छातीत पाणी झालं होतं. जाणार हे ठरलेलंच होतं, पण ज्या तऱ्हेनं गेला ते तुला सांगायचंय, कारण त्यातून माझ्यामागं एक प्रकरण लागेल असं दिसतं.

एप्रिलात आमच्या चर्चच्या पाळकांची बदली झाली, नवे अजून आले नाहीत. तेव्हापासून रविवारची उपासना मीच चालवते. मंडळीनं मला वडील म्हणून निवडलंय, म्हणजे तुमच्या भाषेत पंच म्हण. त्यामुळं प्रार्थना करायचा, शास्त्र वाचायचा, चार शब्द सांगायचा मला अधिकार आहे. प्रभुभोजन द्यायचा मात्र नाही. भाकर आणि द्राक्षरस, प्रभूनं मरणाआधी शिष्यांबरोबर शेवटचं जेवण केलं त्याची आठवण. ती फक्त दीक्षा झालेल्या पाळकानंच द्यायची.

गुरुवारी, पंचवीस तारखेला, दुपारी ज्ञानूची बायको चिमणाबाई डोक्यावर नुसतं पोतं घेऊन भिजत आली. म्हणाली, शिस्टर, म्हातारा भोजन मागाय लागलाय, दुसरं काय बोलतच न्हाई. मी आंब्याखाली जाऊन कोल्हापूरला आमच्या कार्यालयात फोन लावला. ते म्हणाले, घाट बंद आहे, पुलावर पाणी आहे. तुम्ही प्रार्थना करा, पाणी उतरलं की पाळक पाठवतो. पाणी दोन दिवसांनी उतरलं. ज्ञानूकडं दोन तास होते. नाडी धरली की मला तेवढं कळतं.

चिमणाबाईच्या चुलीजवळ सकाळची नाचणीची भाकरी होती. द्राक्षरस कुठला? तिनं आमसुलं भिजत घातली होती, त्याचंच पाणी फुलपात्रात घेतलं. प्रार्थना म्हटली, भाकरी मोडली, त्याच्या तोंडात घास दिला. पाणी पाजलं तसा हसला आणि म्हणाला, शिस्टर, आंबट हाय की. मग डोळे मिटून शांत पडून राहिला. साडेचारला गेला.

रविवारी मंडळीच्या नोंदवहीत मी लिहिलं: ज्ञानू यास मरणसमयी प्रभुभोजन दिले, देणार मी. त्याची नक्कल नियमाप्रमाणं वरच्या मंडळाला पाठवली. लपवायचं काही नव्हतं. आता काय होतंय बघू. तुझं मत मागत नाही. ते न मागताच येणार आहे.

भातलावण झाली. गुडघा बरा आहे. तुझा सम्राट पुण्याहून आला की त्याला माझ्याकडं पाठव, इथं नाचणी भरपूर आहे. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझी,
आक्का

———

कसबा बावडा, कोल्हापूर
१३ ऑगस्ट २०२४

ती. आक्कास,
संयोगिताचा शि. सा. जयभीम. वि. वि.

'तीर्थरूप' लिहू नये असं आमच्यातले काही जण म्हणतात, कारण आपण तीर्थं मानत नाही. मी लिहिते. तू मला नदीवर पोहायला शिकवलंस, तेवढं तीर्थ मला पुरे.

तुझं पत्र वाचून मी दोनदा रडले आणि तीनदा चिडले. रडले ज्ञानूसाठी. चिडले ती तुझ्या 'प्रकरण लागेल' या शब्दांवर. मरायला टेकलेला माणूस घास मागतो आणि तो देणारीला अधिकार होता का, असं विचारणारं कार्यालय कोल्हापुरात माझ्या घरापासून चार किलोमीटरवर आहे, हे मला माहीतच नव्हतं!

हेच ते, आक्का. हाच आपल्या दोघींच्या धर्मातला फरक, आणि तो तुला मी आजवर प्रेमानं सांगत आले, आता ठणकावून सांगते. केसपुत्ताच्या लोकांनी बुद्धांना विचारलं, की इतके गुरू येतात, जो तो आपलंच खरं म्हणतो, आम्ही कुणाचं ऐकावं? तेव्हा भगवंत काय म्हणाले? परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, आपले गुरू सांगतात म्हणूनही मानू नका. स्वतः पारखून बघा, हिताचं दिसलं तर धरा. शेवटच्या दिवसांत त्यांचा शिष्य आनंद याला वाटत होतं, की आपल्यामागं कोण हे भगवंत सांगून जातील. त्यांनी माणूस नेमलाच नाही. धम्म हाच तुमचा शास्ता, म्हणजे गुरू, म्हणाले. ते मार्ग दाखवणारे, मोक्ष वाटणारे नव्हेत. आमचे भन्तेजी कुणाला मुक्त करू शकत नाहीत, आणि म्हणूनच कुणाला अडवूही शकत नाहीत. तुमच्यात वर देव, त्याखाली पुत्र, त्याखाली मंडळ, त्याखाली पाळक, आणि या सगळ्या उतरंडीच्या तळाशी माझी आक्का, आमसुलाचं फुलपात्र घेऊन उभी.

माझं ऐक. बोलावणं आलं तर जाऊ नकोस. राजीनामा लिहून पाठव. मसुदा मी करून देते, शाळेत असताना शिक्षण खात्याला पाठवलेल्या पत्रांनी माझा हात तयार आहे. तू लग्नात बाप्तिस्मा घेतलास तेव्हा आपले आण्णा तीन वर्षं तुझ्याशी बोलले नव्हते. तेव्हा तू आण्णांचं ऐकलं नाहीस. मग यांचं का ऐकायचं?

इकडं सगळं ठीक. सूनबाई निशिगंधाला बढती मिळाली. विहारातला माझा रविवारचा वर्ग जोरात आहे, बावीस मुलं येतात, आणि वंदना अशी खणखणीत म्हणतात की रस्त्यावरची माणसं थांबतात. आहे तशीच माझ्यावर माया ठेव, रागावलीस तरी.

तुझी,
संयोगिता

———

खालची करंजवाडी
२९ ऑगस्ट २०२४

चि. संयोगितास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

बोलावणं आलं. शनिवार, २१ सप्टेंबर, सकाळी अकरा वाजता. मी जाणार आहे. आदल्या दिवशी तुझ्याकडं मुक्कामाला येते, वरच्या मजल्यावर झोपवू नकोस, गुडघ्याचं ऐकावं लागतं.

राजीनाम्याचा मसुदा राहू दे. तुझं पत्र मी दोन वेळा वाचलं, आणि खरं सांगते, बुद्धांचं ते बोलणं मला फार आवडलं. लहानपणी आण्णा सांगायचे तेव्हाही आवडायचं. पण तू एक गोष्ट विसरतेस. ज्ञानूनं मला मार्ग विचारला नव्हता. तुमच्यात माणूस आपल्या पायानं चालतो, आणि चालावंच. आमच्यात कुणीतरी हात देतो. ज्ञानूला त्या दिवशी चालवत नव्हतं. प्रभुभोजनाचं असं आहे बघ, ते कुणीच स्वतःच्या हातानं स्वतःला द्यायचं नसतं. पाळक असला तरी. ते दुसऱ्याच्या हातूनच यायला लागतं. कृपा म्हणजे आम्ही काय समजतो ते हेच: जे आपण मिळवलेलं नसतं, ते. तुला हे पटणार नाही. पटावं म्हणून लिहीतही नाही.

राहिला नियम. तू नियम म्हटलं की उतरंड बघतेस, मी म्हटलं की वॉर्ड बघते. डॉक्टर नसताना नर्सनं इंजेक्शन द्यायचं नाही, असा आमच्याकडं नियम होता. चांगला नियम आहे. तो नसता तर कुणीही कुणालाही काहीही टोचलं असतं. पण पेशंट हातातून जात असला आणि डॉक्टर घाटाच्या पलीकडं असला, तर मी दिलेलं आहे इंजेक्शन. एकदा नव्हे, कितीतरी वेळा. आणि प्रत्येक वेळी ते चार्टवर लिहून सकाळी डॉक्टरांपुढं उभी राहिलेय. कधी शाबासकी मिळाली, कधी बोलणी खाल्ली. पण पळून कधी गेले नाही, आणि चार्ट कधी कोरा ठेवला नाही. आता वेगळं काय करायचं?

आणि उतरंडीवरून आठवलं. विहाराचा भोंगा गेटावर लावायचा की छतावर, यावर तुमची कमिटी किती महिने भांडत होती गं? मागच्या भेटीत तूच सांगत होतीस, की अध्यक्षांनी मिटिंगमधून उठून जाताना खुर्चीसुद्धा नेली. त्यांना कुणी नेमलं होतं? धम्मानं?

रागावू नकोस. येताना तांदूळ आणते. लोभाला कमी करू नकोस.

तुझी,
आक्का

———

कसबा बावडा, कोल्हापूर
२४ सप्टेंबर २०२४

ती. आक्कास,
शि. सा. जयभीम. वि. वि.

एस.टी. स्टँडवर मी जे बोलले, त्यातलं निम्मं मी मागं घेते. लोकांसमोर ओरडायला नको होतं. शाहूवाडीच्या गाडीतली माणसं खिडकीतून माना बाहेर काढून बघत होती, आणि तो कंडक्टर मला म्हणाला, बाई, पावणीला जाऊ दे की आता. तेवढं निम्मं मागं. उरलेलं निम्मं लिहून देते, म्हणजे तुला उत्तर टाळता येणार नाही.

तू आत गेलीस आणि मी बाहेर खिडकीखालच्या बाकावर बसले. तुला वाटलं असेल मला ऐकू येणार नाही. छत्तीस वर्षं वर्गाबाहेरून वर्गातलं ऐकलेली बाई आहे मी.

मी डोक्यात एक जुलमी म्हातारा रंगवून ठेवला होता. निघाले भलतेच. तुमचे ते अध्यक्ष स्वतः बाहेर येऊन मला चहा देऊन गेले. मी त्यांना तिथंच सुनावलं, की आमच्या धर्मात असं न्यायालय कुणी भरवत नाही. ते हसले आणि म्हणाले, बाई, तुमच्यात पंच नसतात का? मला एकदम ती खुर्ची आठवली आणि मी चहा पिऊन टाकला. ती खुर्चीची गोष्ट तूच त्यांना सांगितलीस असा माझा संशय आहे.

मग आत सुरू झालं. एकानं आमसुलाबद्दलच दहा मिनिटं घालवली. द्राक्षरस नव्हता तर थांबायचं होतं, म्हणे. तू म्हणालीस, मी थांबले असते, ज्ञानू थांबत नव्हता. दुसऱ्यानं विचारलं, कुणाच्या अधिकारानं दिलंत? तू म्हणालीस, अधिकार नव्हता, मागणं होतं. खिडकीबाहेर मी मूठ आवळली, आक्का. मला वाटलं, ही बघा माझी बहीण! आता उठेल आणि चालू लागेल.

आणि तू काय केलंस? नियम मोडला हे मान्य, म्हणालीस. पश्चात्ताप आहे का विचारलं तेव्हा नाही म्हणालीस, तेही ठीक. मग त्यांनी ठराव वाचला. एक, सहा महिने तू वडीलपदावर नाहीस आणि सहा महिने तुलाच प्रभुभोजन नाही. आणि दोन, ज्ञानूला दिलं ते प्रभुभोजन म्हणून गणलं जाणार नाही. गणलं जाणार नाही! माणूस मरून दोन महिने झाले, आणि यांनी त्याच्या तोंडातला घास काढून घेतला. मी वाट बघत होते तू काय म्हणतेस. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, अध्यक्षांनी पेन मागितलं, आणि तू सही केलीस.

माझी आक्का, जिनं आण्णांसमोर मान खाली घातली नाही, तिनं त्या कागदावर सही केली. मला हे समजत नाही. समजावून सांग. तुझ्या उत्तराची वाट बघते आणि तोवर तू आणलेला तांदूळ शिजवणार नाही. आपलं नातं आहे तसं असू दे.

तुझी,
संयोगिता

———

खालची करंजवाडी
६ ऑक्टोबर २०२४

चि. संयोगितास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तांदूळ शिजव. नवा नाही, पोरकिडे होतील.

छत्तीस वर्षं वर्गाबाहेरून ऐकलंस, पण वर्गातलं दिसत नव्हतं, एवढंच. त्या कागदावर दोन कलमं होती. मी पहिल्या कलमाखाली सही केली. दुसऱ्याच्या शेजारी समासात लिहिलं, 'मान्य नाही', आणि तिथं वेगळी सही केली. अध्यक्षांनी चष्मा काढून ते वाचलं आणि म्हणाले, असं करता येत नाही. मी म्हटलं, केलंय. मग त्यांनी कागद फाईलला लावला. ठराव बदलला नाही, पण माझं समासातलं लिहिणंही खोडलं नाही. हे मी तुला स्टँडवर सांगणार होते. तू बोलू दिलंस का?

आता समजावून सांगते, कारण तू मागितलंयस. शिक्षा मी घेतली कारण ती माझी होती. डॉक्टरपुढं उभं राहिल्यावर डॉक्टर म्हणाला, तुम्ही नियम मोडलात, आठ दिवस ड्युटीवर येऊ नका, तर मी घरी बसेन. पण त्यानं जर म्हटलं, तुम्ही दिलंत ते औषधच नव्हतं, तर ते मी ऐकणार नाही. कारण ते माझ्याबद्दल नाही, पेशंटबद्दल आहे. मला शिक्षा द्यायचा त्यांना अधिकार आहे. ज्ञानूला प्रभू भेटला की नाही, हे ठरवायचा नाही. तो मलाही नाही. माणसाच्या अधिकाराची हद्द कुठं संपते हे आमच्या धर्मालाही कळतं, संयोगिता. फक्त ती हद्द धरून उभं राहायला माणसं कमी मिळतात.

आणि निघून का नाही गेले? कारण माझी मंडळी त्या कार्यालयात नाही. ती इथं आहे, चाळीस माणसं, आणि चिमणाबाई. मी निघून गेले तर तुला अभिमान वाटेल आणि मला वाऱ्यावर पडल्यासारखं होईल. आण्णांसमोर मी मान खाली घातली नाही हे खरं. पण तीन वर्षं दर महिन्याला त्यांना पत्र लिहीत होते, हे तुला ठाऊक नाही. एकाचंही उत्तर आलं नाही, आणि एकही पत्र परत आलं नाही. चौथ्या वर्षी ते स्वतःच आले.

बाकी सहा महिने भाकर नाही याचं वाईट वाटतं. फार वाटतं. ते तुझ्यापासून लपवत नाही. ओढ असू दे.

तुझी,
आक्का

———

कसबा बावडा, कोल्हापूर
२२ ऑक्टोबर २०२४

ती. आक्कास,
शि. सा. जयभीम. वि. वि.

तांदूळ शिजवला. उरलेलं निम्मंही मागं घेते. कंडक्टर भेटला तर त्यालाही सांगेन.

आता माझी पाळी. तुला हे लिहू की नको, यात चार दिवस गेले. पण तू नोंदवही कोरी ठेवत नाहीस, तर मीच का ठेवू?

माझ्या रविवारच्या वर्गात स्वप्नाली नावाची अकरा वर्षांची मुलगी आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला राहते, आई शिवणकाम करते. मी मुलांना केसपुत्ताची गोष्ट सांगितली, तुला लिहिलेली तीच. फार रंगली. संपल्यावर वंदनेला सुरुवात करणार तोच ही उठली आणि म्हणाली, बाई, गुरू सांगतात म्हणून मानायचं नाही ना? मग आज मी वंदना म्हटली न्हाई तर चालंल?

मुलं हसली. आणि मी, आक्का, मी तिला म्हणाले की आगाऊपणा पुरे, मागं जाऊन उभी राहा. अगदी याच शब्दांत. बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी जो प्रश्न विचारायला सांगितला, तो एका पोरीनं माझ्यासमोर विचारला आणि मी तिला भिंतीशी उभं केलं. तिथं कुणी अध्यक्ष नव्हते, मंडळ नव्हतं. उतरंड माझ्याच तोंडातून बाहेर आली.

पुढचे दोन रविवार ती आली नाही. विजयादशमीला आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला. मी व्यासपीठावरून बोलले, विचारस्वातंत्र्यावरच बोलले, टाळ्या पडल्या. समोर तिची आई बसली होती आणि तिच्या शेजारची जागा रिकामी होती. टाळ्या मला टोचल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी गेले. तिच्या आईनं गडबडीनं मशीनवरचं कापड उचललं आणि मलाच म्हणाली, बाई, पोरगी लई तोंडाळ हाय, माफ करा. मी म्हटलं, माफी मागायला मी आलेय. स्वप्नालीला समोर बसवलं आणि सांगितलं, की तुझा प्रश्न बरोबर होता, माझं वागणं चूक होतं. ती म्हणाली, बाई, मी चिडून घरात बसले न्हवते. वंदना न म्हणता कसं वाटतंय ते बघत होते. मी विचारलं, मग कसं वाटलं? म्हणाली, पहिल्या रविवारी बरं वाटलं. दुसऱ्या रविवारी तुमचा सगळ्यांचा आवाज इथवर आला, आणि मग एकटीला बरं न्हाई वाटलं.

तू लिहिलं होतंस ना, कुणीतरी हात द्यावा लागतो? मी त्यावर मोठं उत्तर तयार ठेवलं होतं. आता ते पाठवत नाही. बुद्धाला शरण, धम्माला शरण, इथवर माणूस एकटा जाऊ शकतो. तिसरं शरण संघाला आहे. तिथं शेजारी कुणीतरी लागतं. हे मी पन्नास वर्षं दररोज म्हणतेय, आणि अकरा वर्षांच्या मुलीनं मला ते ऐकवलं. तरीही सांगते, तुझा देव मला पटलेला नाही. घास देणारा हात मात्र पटला, आणि तो माझ्या मते माणसाचा होता.

स्वप्नाली परत यायला लागली. वंदना म्हणायची, आणि नंतर एक प्रश्न विचारायचा, असं आमचं ठरलंय. आता बावीस मुलांचे बावीस प्रश्न आहेत आणि दुपारचे दोन वाजतात. तुझ्या मायेची हकदार,

संयोगिता

———

खालची करंजवाडी
२ डिसेंबर २०२४

चि. संयोगितास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी उशाशी ठेवलंय. हात माणसाचा होता हे मलाही मान्य आहे. कुणी पाठवला यावर आपण मरेपर्यंत भांडू, त्याला माझी तयारी आहे.

इथं काल जे झालं ते गरम असतानाच लिहिते.

आमचे नवे पाळक नोव्हेंबरात आले. शांतवन नाव, वय अठ्ठावीस, पहिलीच नेमणूक. आल्याआल्या त्यांना वरून आदेश होता, की माझ्याबद्दलचा ठराव मंडळीत वाचून दाखवायचा. त्यांनी वाचला. पहिलं कलम वाचलं तेव्हा माणसांनी माझ्याकडं बघितलं. दुसरं वाचलं तेव्हा सगळ्यांनी चिमणाबाईकडं बघितलं. घरी जाताना मी तिला गाठलं, तर म्हणाली, शिस्टर, मला समजलं न्हाई असं समजू नका.

काल महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा. मला घ्यायचं नसल्यामुळं मी शेवटच्या बाकावर दाराशी बसले होते. शांतवननं प्रार्थना केली, भाकर मोडली आणि ताट पहिल्या बाकाकडं दिलं. तिथं चिमणाबाई. तिनं ताट हातात घेतलं, बघितलं, आणि घास न घेताच शेजारणीकडं दिलं. शेजारणीनं पुढं दिलं. मग त्यापुढच्या बाईनं. कुणी काही ठरवलं नव्हतं, मला नक्की माहीत आहे, कारण आमच्यात काही ठरलं तर ते मला आधी कळतं. एकेक बाक करत ताट माझ्यापर्यंत आलं, भरलेलंच, आणि तसंच परत पुढं गेलं.

तो पोरगा भरलेलं ताट हातात घेऊन उभा. माझ्यानं बसवेना. मी उठून म्हटलं, की माझ्यासाठी उपाशी राहू नका, शिक्षा माझी आहे, तुमची नाही, घ्या. माझा आवाज चढला होता, वॉर्डात चढायचा तसा. कुणी हललं नाही.

तेव्हा चिमणाबाई उठली. माझ्याकडं बघितलंच नाही तिनं, शांतवनला म्हणाली, पाळक, शिस्टरसाठी न्हाई हे. शिस्टरचं शिस्टर बघंल. माझ्या मालकानं आंबट म्हणत हसत गिळला तो घास खोटा असंल, तर तुमच्या ताटातला बी खोटाच की. आणि ह्यो खरा असंल तर त्यो बी खरा. काय ते एक सांगा, मग आमी खातो.

संयोगिता, मी अनेक मोठे पाळक ऐकले. शास्त्र पाठ असलेले, परदेशात शिकून आलेले. असा प्रश्न कुणी विचारलेला ऐकला नाही. त्या पोराचं वय अठ्ठावीस, आणि वरचा ठराव त्याच्याच खिशात. हो म्हणाला तर नोकरीची पहिलीच पायरी मोडते. मी मनात म्हटलं, बाळा, टाळ हा प्रश्न, सांग की वर विचारतो. माझ्या चिंता अशा बायकी, तुला ठाऊक आहेत.

त्यानं ताट टेबलावर ठेवलं. चिमणाबाईसमोर आला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की आजी, तो खरा होता.

एवढंच. मागं-पुढं काही नाही. चिमणाबाई खाली बसली, हात पुढं केला, आणि त्यानं तिच्या हातावर घास ठेवला. तिनं खाल्ला. मग सगळ्यांनी खाल्ला. माझ्यापर्यंत ताट आलं तेव्हा मी ते शेजारी दिलं. माझे अजून चार महिने राहिलेत, आणि मी सही केलीय. पण मला काल भूक अशी लागलीच नाही.

उपासना संपल्यावर शांतवन नोंदवही घेऊन माझ्याकडं आला आणि विचारलं, की हे लिहावं लागेल का? मी म्हटलं, लिहावं तर लागेलच. त्यानं लिहिलं, आणि नक्कल आजच्या टपालानं वर गेली. म्हणजे नोटीस महिन्याभरात येईल. मी त्याला तुझा पत्ता देऊन ठेवलाय. आदल्या रात्री तुझ्याकडं उतरेल. पोरगा लाजरा आहे, दोनदा वाढल्याशिवाय जेवत नाही, आणि आई लहानपणीच गेलीय. त्याला आधी जेवायला घाल, मग बुद्ध सांग. सकाळी तुला चहा देणाऱ्या त्या अध्यक्षांच्या कार्यालयापर्यंत बरोबर जा, आणि खिडकीखालच्या बाकावर बस.

या खेपेला आतलं दिसत नाही म्हणून लगेच चिडू नकोस. आहेस तशीच राहा, माझी हीच मागणी.

तुझी,
आक्का